फणसाखालची जमीन

माणसांना माती-झाडांचं बोलणं कळायचं, त्या काळची गोष्ट. गिरजाकाकूंच्या परसात फणसाखाली उघडी जमीन होती. काकूंचे गुडघे धरले होते. तण उपटायला वाकवत नव्हतं.

"अगं, अंगावर पसरेल असं एखादं रोप तूच निवड," त्या जमिनीला म्हणाल्या. "नाहीतर मी फरशी घालून टाकते."

फरशीखाली श्वास कोंडेल म्हणून जमीन घाबरली. तिने रोपांना विचारलं. चिनी गुलाब म्हणाला, "माझ्यासारखी फुलं कुणाची नाहीत." दूर्वा म्हणाली, "देवाला मीच लागते." रताळ्याचा वेल म्हणाला, "महिन्याभरात तुला झाकतो." जमीन पार गोंधळली. प्रत्येकाचं खरंच वाटत होतं. तिने सगळ्यांनाच बोलावलं.

चिनी गुलाब सावलीत फुललाच नाही. दूर्वा पिवळी पडली. वेल मात्र एवढा धावला की काकूंचा शेजारचा मोगराही त्याच्याखाली गेला. काकू फरशीवाल्याकडे निघाल्या.

तेवढ्यात कुंपणाजवळच्या ब्राह्मीने विचारलं, "ताई, तुझ्याकडे ऊन किती वेळ असतं? ओल किती टिकते?"

जमीन गांगरली. आजवर तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. "ऊन सकाळी घटकाभर," ती आठवून म्हणाली. "विहिरीवर सांडलेलं पाणी इथेच मुरतं."

"मग मला जमेल. पण वर्ष लागेल, आणि तोवर तण काढावं लागेल."

काकू दारातच थांबल्या.

"वर्षभर वाकेन कशीबशी," असं म्हणत त्या खुरपं शोधायला आत गेल्या.