मागच्या ताटाची कहाणी

ही कहाणी नीट आठवते अशी खात्री देता येत नाही. ऐकून साठ वर्षं लोटली. वारांचा क्रम चुकला असेल, एखादं धान्य इकडचं तिकडं झालं असेल. मधल्या काळात फार पुस्तकं वाचली, त्यामुळं नको ते शहाणपणही आत शिरलं असेल. ऐकणारणींनी ते पाखडून टाकावं. हातात सात धान्यांचे दाणे घ्यावेत. मन स्थिर नसलं तरी मूठ स्थिर ठेवावी. ऐका अन्नपूर्णे आई, तुमची कहाणी.

सगळ्या कहाण्यांत असतं तसं आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. नगरात एक कोष्ट्यांची आळी होती. आळीत घरोघरी माग होते. दिवस उजाडला की माग खडखडू लागत, ते दिवस मावळेपर्यंत. त्या खडखडाटात कुणाचं बोलणं कुणाला नीट ऐकू येत नसे. लोक मोठ्यानं बोलत, आणि अर्धं आपल्या मनानं जुळवून घेत.

त्या आळीत हिरोजी नावाचा एक विणकर होता. त्याचा म्हातारा बाप होता, कोंडाबाई नावाची आई होती, धुरपदा नावाची बायको होती. धुरपदेला दोनदा दिवस राहिले, दोनदा मूल पोटातच गेलं. आता तिसऱ्यांदा राहिले होते. पाचवा महिना सरत आला होता. घरात कुणी त्याबद्दल बोलत नसे, पण सगळ्यांचे डोळे तिच्या पोटाकडं असत. हे तरी जगेल का?

आता घरची गत काय होती? आठवड्याच्या बाजाराचं सामान एका फडक्यात मावे. कोंडाबाई हौशी. बाजार आला की तीन दिवस तांदूळ शिजे, गूळ फुटे, तळणीत तेल पडे. मग चौथ्या दिवशी डबे वाजू लागत. चार दिवस मीठ-भाकरी. मग पुन्हा बाजार, पुन्हा तीन दिवस चंगळ. असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

एके दिवशी काय झालं? दारात एक म्हातारी आली. डोक्यावर पाल्याची पाटी, पाय धुळीनं भरलेले. म्हणाली, "माई, भूक लागलीय. काही आहे का?"

कोंडाबाई म्हणाली, "आज बुधवार. आमच्याकडं बुधवारी भूकच असते. हवी तर ने थोडी."

म्हातारी हसली. उंबऱ्याशी बसली. म्हणाली, "घरात पोटुशी बाई दिसते."

"आहे. दोन गेली. तिसऱ्याची धास्ती आहे. वैद्य म्हणतो हिला दूध द्या, तूप द्या. त्याच्या बापानं ठेवलंय तूप आमच्या शिंक्यावर!"

"तूप नको. तुमच्या फडक्यात मावतं तेवढ्यात भागेल. मी एक वसा सांगते, घेशील? उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकत नाही. काय आहे ते सांग."

मग म्हातारीनं बोटांवर मोजत सांगितलं. "तांदूळ कमी आण, कडधान्य आण. भाकरी रोजची. रविवारी मुगाच्या घुगऱ्या कराव्यात. सोमवारी मटकीला मोड आणावेत. मंगळवारी कुळथाचं माडगं करावं. बुधवारी शेवग्याचा पाला, शेंगदाण्याचं कूट घालून, ज्वारीच्या गरम भाकरीशी खावा. गुरुवारी अंबाडीत हरभऱ्याची डाळ घालावी. शुक्रवारी नाचणीची आंबील. शनिवारी उडदाचं घुटं. पाल्याला पैसा लागत नाही, कमरेत वाकावं लागतं. सात दिवस सात धान्यं, असे सात आठवडे करावं."

बुधवारचा पाला गुरुवारचा असेल. पण शेवगा होता, हे नक्की.

कोंडाबाई म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच नाही. एक नेम आहे. मागचं ताट आधी वाढायचं. ते भरल्याशिवाय दुसऱ्या ताटात भाकरीचा तुकडा पडता कामा नये. हा नेम मोडला तर सगळं केलेलं फुकट."

ती हे बोलत असतानाच हिरोजीनं माग ओढला, खाडकन आवाज झाला. म्हातारी उठली, पाटी उचलली, चालू लागली. अन्नपूर्णाच होती ती, पण पाटी घेतलेल्या बाईला कोण ओळखतो?

धुरपदेचा म्हातारा सासरा कोपऱ्यातून ओरडला, "काय म्हणाली गं ती?"

कोंडाबाई ओरडली, "मागाचं ताट आधी वाढायचं म्हणाली!"

"कुणाचं?"

"मागाचं! आपल्या मागाचं!"

चुलीपाशी धुरपदा होती. तिच्या आणि उंबऱ्याच्या मधे नुसती एक कुडाची भिंत. तिनं ऐकलं होतं, मागचं. मागाचं नव्हे. तिचा हात पिठात तसाच राहिला. दुसरं घर असतं तर ही चूक झाली नसती. पण कोष्ट्याच्या कानाला मागाशिवाय काय ऐकू येणार?

बाजार आला. कोंडाबाईनं तांदूळ घटवले, मूग आणले, मटकी आणली, कुळीथ आणले. रविवारी घुगऱ्या झाल्या. दुपारी पहिलं ताट भरलं, मागापुढं ठेवलं, हात जोडले.

हिरोजी म्हणाला, "आई, माग कुठं जेवतो?"

"माग जेवत नाही, मागावर बसणारा जेवतो. बस खाली."

"आणि मग माझं ताट?"

"तेही आहेच की. एक मागाचं, एक तुझं."

"म्हणजे मी दोनदा जेवायचं? लाज वाटते गं."

"देवीच्या नावानं जेवताना लाज कसली? तुझ्या लेकरासाठीच चाललंय ना?"

कोपऱ्यातून सासरा म्हणाला, "चाळीस वर्षं मी मागाच्या त्या खड्ड्यात पाय सोडून बसलो. मला कुणी दुसरं ताट दिलं नाही. त्यातलं अर्धं इकडं सरकव."

मग मागाचं ताट बापलेकांनी वाटून खाल्लं. मग त्यांची आपापली ताटं झाली. मग कोंडाबाई जेवली. मग धुरपदा भांड्याशी बसली. घुगऱ्यांचं पाणी होतं, तळाची खरवड होती, चतकोर भाकरी होती. पूर्वी अर्धी असे. आता एक ताट वाढलं होतं, फडकं तेवढंच होतं. ते ताट कुठून येणार?

पहिल्या आठवड्यात ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, म्हातारी मागचं ताट म्हणाली होती. मागाचं नाही."

तो म्हणाला, "तू तर चुलीशी होतीस. आई दारात होती. तिला जास्त ऐकू येईल की तुला?"

तिसऱ्या आठवड्यात ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, मागचं म्हणजे मागून जेवणारीचं, असं तर नसेल?"

कोंडाबाई हसली. वाईट मनाची बाई नव्हती ती, खरोखरच तिला हसू आलं. म्हणाली, "म्हणजे तुझं? आधी सून जेवली आणि मग देवी पावली, असं कुठल्या कहाणीत ऐकलंस गं बाई?" धुरपदेनं आठवून पाहिलं. कुठल्याच कहाणीत ऐकलं नव्हतं.

पाचव्या आठवड्यात ती शेजारच्या चिंगूआत्याला म्हणाली. चिंगूआत्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. म्हणाली, "तू बरोबर ऐकलंयस, पोरी. मीही माझ्या ओट्यावरून ऐकलं होतं."

"मग तुम्ही सांगा ना आत्याबाईंना."

"मी कशाला सांगू? सांगून होत असतं तर आधी माझ्या घरी झालं नसतं का?"

मग धुरपदा गप्प झाली. तिला आपल्याच कानाची शंका येऊ लागली. आपण हावरट असू. भुकेल्याला सगळं आपल्या सोयीचं ऐकू येतं. पोटातलं हललं की ती पोटावर हात ठेवी आणि म्हणे, "थांब रे बाबा. सगळ्यांचं होऊ दे."

इकडं व्रताचा गुण दिसू लागला. हिरोजीचे गाल भरले. म्हाताऱ्याचा खोकला गेला. कोंडाबाईचे गुडघे दुखायचे राहिले. शनिवारपर्यंत डबे वाजेनात. फडकं तेच, पण आठवडा पुरा होऊ लागला. आळीत बोलबाला झाला. घरोघरी मूग भिजले, शेवगे ओरबाडले गेले, घरोघरी मागापुढं ताट आलं. आणि घरोघरी कुणीतरी एक बाई भांड्याशी बसली, तिच्या अर्ध्या भाकरीची चतकोर झाली. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या बायकांच्या आलं, पण नेम आपल्यालाच नीट कळला नसेल असं त्यांनीही मानलं.

सातवा आठवडा भरला. व्रताची सांगता करायची होती. कोंडाबाईनं सातही धान्यं शिजवली. धुरपदा ताट घेऊन मागाकडं निघाली. मधेच तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. हातातलं ताट निसटून मागापाशी पोचलं, ती नाही पोचली.

सुईण धावत आली. धुरपदेची पापणी खाली ओढून पाहिली, आणि तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "अगं, हिच्या अंगात रक्त कुठाय? खात काय होती ही?"

कोंडाबाई म्हणाली, "बाई, सात आठवडे सात धान्यं शिजतायत घरात!"

"शिजल्याचं विचारत नाही मी."

मूल झालं. अपुऱ्या दिवसांचं, हाताएवढं. मुलगी होती. रडली नाही.

मग कोंडाबाई उंबऱ्यात बसली आणि मोठ्यानं रडू लागली. म्हणाली, "आई, उतले नाही, मातले नाही, घेतला वसा टाकला नाही. मग कोपलीस का?"

तशी दारात म्हातारी उभी. म्हणाली, "कोपले नाही मी. तुझ्या घरात पोचलेच नाही. माझं ताट कुणी वाढलं?"

"वाढलं की! रोज वाढलं. मागापुढं!"

"मागापुढं? मी मागचं म्हणाले होते. घरात सगळ्यांच्या मागून जी जेवते, तिचं."

हिरोजीचा माग थांबला. शेजारचा थांबला. सगळी आळी थांबली. इतकी शांतता त्या आळीनं दिवसाउजेडी कधी ऐकली नव्हती.

आतून धुरपदा म्हणाली, "मी बरोबर ऐकलं होतं."

कोंडाबाई म्हणाली, "मग बोलली का नाहीस, मेले?"

"तीनदा बोलले, आत्याबाई."

कोंडाबाईनं मान खाली घातली. हिरोजीनं घातली. दारात जमलेल्या बायकांत चिंगूआत्या होती, तिनंही घातली. मग कोंडाबाईनं म्हातारीचे पाय धरले. म्हणाली, "चुकले. माझ्या कानात शिसं ओत, पण लेकरू उठव."

दुसऱ्या कहाण्यांत इथं देवी पाणी शिंपडते आणि मूल रडत उठतं. या कहाणीतल्या बाकी कशाबद्दल शपथ घेता येणार नाही, पण एवढं पक्कं आठवतं. नाही उठलं.

म्हातारी म्हणाली, "मी अन्नाची देवी. खाल्लेल्याचं रक्त करते. न खाल्लेल्याचं मला काही करता येत नाही. आता तरी वाढ."

मग कोंडाबाईनं पुसलेलं ताट घेतलं. गरम भाकरी वाढली, पाला वाढला, घट्ट घुटं वाढलं. धुरपदेपुढं ठेवलं. हिरोजी बघत उभा, सासरा बघत उभा, सासू बघत बसली. धुरपदेनं घास उचलला. तो तोंडात फिरू लागला, खाली उतरेना. कुणी बघत असताना ती त्या घरात कधी जेवलीच नव्हती. तिनं भिंतीकडं तोंड केलं, आणि मग गिळला.

म्हातारी नाहीशी झाली. धुरपदा पुढं जगली. तिला आणखी लेकरं झाली की नाही, ते कहाणीत नव्हतं. ऐकणाऱ्या बायकाही विचारत नसत.

धुरपदेला जे वेळ गेल्यावर मिळालं, ते तुम्हां आम्हां वेळेवर मिळो. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत सांगितली. सुफळ म्हणायला धीर होत नाही. संपूर्ण.

पुढं बऱ्याच वर्षांनी, हे व्रत अजून करतात अशा एका गावी जाऊन चौकशी केली, तीन घरी स्वतः बसून पाहिलं. तिथं मागचं ताट खरोखर सगळ्यांत आधी वाढतात. वाढतात, त्याला नमस्कार करतात, झाकून ठेवतात. घरातली सगळी जेवून उठली की मग ती बाई ते उघडते आणि गार झालेलं खाते.