पिवळ्या वेलीची पारख

“पण आक्का, तिच्यात वाईट काय, ते तरी सांगा!”

वैजनाथने पुन्हा विचारलं. मठ सांभाळणाऱ्या गंगाक्का ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“मी कुठे वाईट म्हटलं?”

“मग हो म्हणा.”

“हो तरी कुठे म्हटलं…”

खाली रस्त्यावर टेम्पो उभा होता. आत पिवळ्या फुलांच्या वेलीची रोपं, गच्च. मठामागचा नुसत्या गवताचा उतार त्या वेलीने झाकून काढायचा, असं वैजनाथने मनात घेतलं होतं. उतार मठाचा, पण साऱ्या गावाची शेरडं त्यावरच जगायची. म्हणून गाव म्हणालं, आक्का म्हणतील ती पूर्व.

आता वैजनाथ म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हे. शहरातल्या मोठमोठ्या बंगल्यांच्या बागा त्याच्या हातच्या. त्याने वाळकी काडी खोचली तरी पालवी फुटते, असं लोक म्हणत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. एवढा नावाजलेला माणूस, पण मठात आला की चपला बाहेर आणि आवाज खाली. आज मात्र आवाज काही खाली राहत नव्हता.

“पारखून आणलीय आक्का. उगीच नाही.”

“कशी पारखलीस?”

“भर उन्हात ठेवली, जगली. पाणी तोडलं, जगली. मुरमात टाकली, तर तिथेही हसतेय. कीड नाही, रोग नाही. शेरडू तोंड लावत नाही.”

झऱ्यावरून घागर घेऊन भागाबाई येत होती. शेवटचं तेवढं तिच्या कानावर बरोबर पडलं.

“आणि माझ्या शेरडांनी काय फुलं बघून ढेकर द्यायची, वैजूदादा?”

“मावशी, कडेने थोडं गवत राहीलच की!”

“राहील ना… तुझ्या वेलीला विचारून.”

आक्का हसल्या. “चांगली पारख केलीस हो. मरते का, ते सगळ्या अंगांनी बघितलंस.”

वैजनाथचा चेहरा फुलला.

“मागच्या श्रावणात न्हाणीमागे हीच लावली होतीस ना माझ्यासाठी?”

“हीच. कशी फोफावलीय बघा!”

“ती काढून दे. मला तिथे अळू लावायचंय.”

“एवढंच?” त्याने बाह्या सरसावल्या.

खालून ड्रायव्हर हारुणभाईची हाक आली. “दादा, उतरवू का?”

“थांबा हो, आलोच!”

आलोच म्हणाला खरा… पण वेल ओढावी, तर ती पेरापेराला जमीन धरून बसलेली. ओढली की तुटे, तुटलेलं पेर मातीत राही, आणि राहिलं की पुन्हा फुटणार. न्हाणीमागची वेल न्हाणीपुरती उरलीच नव्हती. भिंतीच्या चिरेत, तुळशीच्या कट्ट्याभोवती, पार गोठ्याच्या दारापर्यंत तिचे हात पोचले होते.

कट्ट्यापाशी वैजनाथ थबकला. इथे दूर्वा असायच्या. पूजेला आक्का इथूनच खुडायच्या. आता एक काडी दिसेना.

“आक्का… दूर्वा कुठून आणता हल्ली?”

“भागा आणते. उतारावरून.”

वैजनाथने उताराकडे एकदा पाहिलं. गुडघे टेकून एकेक पेर माती उकरून काढत राहिला. मग सगळी वेल कवेत घेतली आणि दगडी गडग्यापलीकडे टाकायला निघाला.

“तिकडे नको. खाली झरा आहे.”

गोठ्यात नेली. गाईने हुंगलं आणि तोंड फिरवलं.

जाळावी, तर श्रावणाची भुरभुर चाललेली. कातळावर वाळत घालावी, तर तेच. उकिरड्यापर्यंत गेला आणि आपणच मागे फिरला. तिथलं खत कुणाच्या रानात जातं, हे त्याला ठाऊक होतं.

अंगणाच्या मधोमध तो उभा राहिला. कवेत ओली वेल, कोपरांवरून पाणी गळतंय. एवढ्यात एक पेर निसटून पायाशी पडलं. भार सावरत तो वाकला, बोटांनी चाचपून ते उचललं.

एरवी टोमणे मारणारी भागाबाई पाण्याची दुसरी खेप घेऊन आली होती. तिने घागर खाली ठेवली आणि पदराने त्याच्या कपाळाचा घाम पुसला.

“दादा, उतरवू का?” खालून पुन्हा हाक.

वैजनाथने आक्कांकडे पाहिलं. आक्का शेंगाच सोलत होत्या.

“नका उतरवू!” तो ओरडला. “एक रोपसुद्धा खाली पडता कामा नये, हारुणभाई! आलं तसं परत न्यायचंय.”



“आक्का…”

“हं.”

“मग उतारावर लावू काय?”

आक्कांनी सूप बाजूला सारलं. त्याच्या कवेतल्या भाऱ्याकडे कौतुकाने पाहिलं.

“आधी हात मोकळे होऊ देत… मग विचार.”