वळणावरची टिटवी

फार पूर्वी एका रानात कड्यालगतची वाट खचली. साळिंदरं ती दुरुस्त करत होती. उरलेल्या चिंचोळ्या पट्टीवरून एका वेळी एकाच बाजूचे प्राणी सोडायचं काम टिटवीकडे होतं.

तहानलेल्या गव्यांचा कळप वळणाशी आला. म्होरक्या फुरफुरला, "बाजूला हो, नाहीतर तुडवीन!"

पण टिटवी वाटेतून हलली नाही. "दादा, पलीकडून हरिणी पाडसं घेऊन निघाल्यात. वळणामुळे तुम्हाला दिसत नाहीत."

गव्याने खूर उचलला. तेवढ्यात एक पाडस धडपडत वळणावरून आलं आणि त्याला पाहून थरथरत थांबलं. मागून आणखी येत होती.

गव्याने खूर हळूच मागे घेतला. कळप रेटू लागला, तेव्हा तो स्वतःच वाटेत आडवा झाला आणि गरजला, "टिटवी सांगेल तेव्हाच!"