पान्हाईचा तांब्या

ऐक पान्हाई, तुझी कहाणी. हातातले तांदूळ घट्ट धरा गं बायांनो. कुणाचं लेकरू रडलं तर खुशाल पाजायला घ्या, कहाणी तेवढी थांबते.

आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. नगराच्या उगवतीला गवळवाडा होता. तिथं भागाबाई नावाची गवळण राहत होती. तिला तीन मुलगे, तीन सुना, गोठाभर गाई. तिच्या हातचा खरवस राजाच्या ताटात जाई. गाय व्यायली की चीक आधी भांड्यात, उरला तर वासराला, अशी तिच्या घरची रीत. आणि सून बाळंत झाली की रीत उलटी. सुनेचा चीक पानात पिळायचा, परसातल्या उंबराच्या बुडाशी ओतायचा. का? तर जड असतो, बाळाला बाधतो. मग तीन दिवस बाळाला काय? तर गूळपाणी, कापसाच्या बोळ्यानं. भागाबाईच्या सासूनं तसंच केलं होतं. भागाबाईला सहा झाली, तीन जगली. उरलेली तीन का गेली, हे तिनं कुणाला विचारलं नाही, कुणी तिला सांगितलं नाही.

थोरली सून बाळंत झाली. तिचा चीक उंबराला गेला. चौथ्या दिवशी बाळ छातीला लावलं, तर छाती दगडासारखी, बाळ तोंड फिरवी. सासू दारात उभी राहून विचारी, "आलं का?" थोरली म्हणे, "नाही." सासू विचारी, "आता आलं का?" थोरली म्हणे, "नाही." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा थोरली रडली, आणि दूध आटलं. मूल गाईच्या दुधावर जगलं, पण काडीसारखं राहिलं. मग मधली सून बाळंत झाली. तिचं नाव साळू. तिचाही चीक उंबराला गेला, तिलाही दारातून विचारलं, तिचंही आटलं. तिचं बाळ बारशाआधीच गेलं. वाड्यातल्या बाया म्हणाल्या, "भागाबाईच्या गाई दुभत्या, सुना कोरड्या." साळूनं ते ऐकलं आणि खाली बघून शेण थापत राहिली.

धाकटी सून येसू. तिचा हात हलका. कसलीही मारकी गाय तिच्यापुढं उभी राही. ती गरोदर राहिली, पोट दिसायला लागलं, तशी तिची झोप उडाली. येता जाता उंबराकडे बघे. एके दिवशी दुपारी ती धार काढत होती. गोठ्याच्या दारात एक म्हातारी आली. अंगावर जुनेर, छाती मात्र भरलेली, चोळी ओली. म्हणाली, "पोरी, तहान लागली." येसूनं तांब्याभर पाणी दिलं. म्हातारी तिथंच उकिडवी बसली आणि बघत राहिली.

म्हणाली, "पोरी, गाय पान्हवते कशानं?"

"वासरू लावलं की पान्हवते, आजी."

"आणि दोन दिवस धारच काढली नाही तर?"

"आटेल की."

"धारेच्या वेळी दाराशी कुणी आरडाओरडा केला तर?"

"पान्हा चोरेल. मग काही केल्या सोडायची नाही."

"आणि पुढं आंबोणाची पाटी ठेवली नाही तर?"

"लाथ मारील. मी असते तर मीही मारली असती."

म्हातारी हसली. म्हणाली, "सगळं ठाऊक आहे की तुम्हां गवळ्यांना. मग सुनेच्या बाबतीत कसं विसरता?"

येसूचा हात थांबला. भांड्यातला फेस बसला. मग म्हणाली, "आजी, माझं बाळ जगेल का?"

"वसा घेशील तर सांगते. उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील, असं नाही ना?"

"उतणार नाही, मातणार नाही, टाकणार नाही."

"मग ऐक. हा पान्हाईचा वसा. बाळ झालं की पुसून आधी छातीशी धर, बाकी सगळं मागनं. चीक पहिला त्याचा, उंबराचा नव्हे. पाजताना नुसतं टोक तोंडात देऊ नको. मोठा घास घेतल्यासारखं तोंड उघडू दे, मग जवळ ओढ. ते मागेल तेव्हा पाज, रात्र बघू नको, दिवस बघू नको. हे झालं तुझं. आता घरच्यांचं ऐक. बाळंतीण पाजायला बसली की घरच्यानं पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी ठेवावा. आलं का, पुरतं का, अमकीला किती आलं, हे विचारू नये. तांब्या ठेवावा आणि गप बसावं."

"आणि बाळ लांब असलं तर?"

"तरी वेळेला पीळ. हात धुऊन, निवांत बसून, बाळ डोळ्यांपुढं आणून. वाटीत धर, झाकून पाठव, बोंडल्यानं पाजू दे. काढत राहिलीस तर येत राहील. आणि टाकू नको, एक थेंब टाकू नको. उद्यापनाला दुसऱ्या बाळंतिणीच्या घरी जा, तिच्या हातातलं एक काम आपल्या हातात घे." एवढं बोलून म्हातारी उठली, गाईंच्या मागं गेली, ती दिसली नाही.

येसूनं हे आधी नवऱ्याला सांगितलं. त्याचं नाव राणू. तो म्हणाला, "आई ऐकायची नाही." येसू म्हणाली, "आत्याबाईंना मी बघते. तुम्ही तांब्या बघा."

मग दिवस भरले. येसूला मुलगी झाली. भागाबाई पळसाचं पान घेऊन आली, तर पोर पदराखाली, चुळूचुळू ओढतेय. भागाबाई म्हणाली, "अगं, काढ तिला! जड आहे ते." येसू म्हणाली, "आत्याबाई, गाईचा चीक कालवडीला जड झाला तर सांगा." तेवढ्यात राणू तांब्या घेऊन आत आला. भागाबाई ओरडली, "बाळंतिणीच्या खोलीत गडी? लाज नाही?" राणू म्हणाला, "गाय व्याली की मी गोठ्यातच असतो की. तिथं नाही म्हणालीस कधी." त्यानं तांब्या येसूच्या हाताशी ठेवला, गप बसला. भागाबाई पान हातात घेऊन उभी राहिली. मग ते पान तिनं चुलीत घातलं.

येसूला पान्हा आला. पोर बाळसं धरू लागली. बारशाला नाव ठेवलं भिवरा. थोरली म्हणाली, "आमचा टाकलात, हिचा तेवढा गोड लागला होय?"  साळू पाळण्याची दोरी ओढत बसली.

पुढं काय झालं? राजाच्या गाई अडून बसल्या. कुणाच्याही हाताला धार देईनात, आणि राजवाड्यात सोहळा तोंडावर. राजाचा हुकूम आला. ज्या हाताला गाय पान्हवते, तो हात पाठवा. तो हात येसूचा. राजवाड्यात लेकरू न्यायची बंदी, रडण्यानं राजाची झोपमोड होते म्हणून. येसूनं भिवराला सासूच्या मांडीवर दिलं. म्हणाली, "आत्याबाई, मी काढून पाठवीन. बोंडल्यानं पाजा. तेवढं टाकू नका." भागाबाई म्हणाली, "बरं." बरं म्हणाली, पण डोळ्यांत बघितलं नाही.

येसू राजाच्या गाई पिळी, मग हात धुऊन आडोशाला बसे. पाठ भिंतीला टेकी, डोळे मिटून भिवराची टाळू आठवी, आणि वाटीत दूध काढी. राणू रानातून वेळेला देवडीवर येई. वाटीतलं दूध लोटीत, लोटीला ओलं फडकं, आणि राणू घराकडे. असं सकाळी, असं दुपारी, असं दिवेलागणीला.

गवळवाडा बघत होता. पहिल्या फेरीला कट्ट्यावरचा एकजण म्हणाला, "राणू, नवीन रतीब लागला का रे?" राणू खाली बघून गेला. दुसऱ्या फेरीला म्हणाला, "म्हशीचं की बायकोचं?" राणू लाल झाला, पण थांबला नाही. तिसऱ्या फेरीला राणू थांबला. म्हणाला, "बायकोचं. लेकीच्या घरचा रतीब आहे, चुकवून चालत नाही. तुझा जन्मभर चुकवला तरी चालेल." कट्टा हसला, आणि तो एकजण घरात गेला.

राणू सुटला, पण भागाबाई अडकली. विहिरीवर बाया तिला म्हणाल्या, "गवळणीच्या घरात बाईच्या दुधाचा रतीब! दृष्ट लागेल गं पोरीला." भागाबाईच्या मनानं घेतलं. लोटी आली, राणू वळला, तशी ती परसात गेली आणि लोटी उंबराला ओतली. पोरीला काय दिलं? गूळपाणी दिलं. त्या सांजेला कपिला गाईनं पान्हा चोरला. दुसरी लोटी आली, तीही उंबराला गेली. तांबू गाईनं पान्हा चोरला. तिसरी लोटी आली, तीही गेली. मग सगळा गोठा आटला. वासरं लावली, आंबोण ठेवलं, पाठ थोपटली, गाई मान फिरवून उभ्या. आणि भिवराची टाळू खाली बसली. पोर रडेना, नुसती ओठ हलवी.

साळू आत आली. तिनं पोरीकडे बघितलं. म्हणाली, "आत्याबाई, माझंही असंच ओठ हलवत होतं." एवढंच म्हणाली.

तेवढ्यात दारात म्हातारी आली. म्हणाली, "बाई, घोटभर दूध वाढ."

भागाबाई म्हणाली, "गाई आटल्या, आजी."

म्हातारी म्हणाली, "उन्हाळ्याचे दिवस, मग तुझा उंबर ओला कसा?"

भागाबाईनं उंबराकडे बघितलं. बुडाशी माती काळी, त्यावर मुंग्यांची रांग. तिला आपली तीन आठवली. साळूचं एक आठवलं. ती खाली बसली. मग उठली, भिवराला उचललं, पदरात घेतलं, आणि भर उन्हात अनवाणी निघाली. साळू मागनं धावली, पोरीच्या डोक्यावर पदर धरून.

देवडीवर पहारेकरी होता. म्हणाला, "लेकरू आत जात नाही."

भागाबाई म्हणाली, "मग तिच्या आईला बाहेर बोलाव."

"हुकूम नाही."

"बरं. मी इथंच बसते. आता ही रडायची थांबलीय, म्हणून मीच रडते हिच्यासाठी. राजा उठला तर सांग, गवळवाड्याची भागाबाई आलीय."

आणि तिनं गळा काढला. असा काढला की कबुतरं उडाली. आत येसू धारेला बसली होती. तिला सासूचा आवाज कळला, आणि चोळी भिजली. भांडं लवंडलं, राजाचं दूध वाहिलं, ती धावत सुटली. देवडीच्या पायरीवरच बसली, पोर घेतली, छातीशी धरली. पोर तोंड उघडेना. येसूनं एक थेंब ओठावर पिळला. पोर हलली नाही. दुसरा पिळला. पोरीनं जीभ काढली. तिसरा पिळला, आणि पोरीनं आ केला, मोठा घास घ्यावा तसा. येसूनं तिला जवळ ओढलं.

भागाबाई उठली. पहारेकऱ्याच्या रांजणातून तांब्या भरला. सुनेजवळ आली, तांब्या पुढं धरला. ओठावर शब्द आला, आलं का गं. तिनं तो गिळला. मग म्हणाली, "येसू, मी ओतलं. तिन्ही वेळा." साळू ऐकत होती. पहारेकरीही ऐकत होता.

येसूनं वर बघितलं नाही. म्हणाली, "तांब्या धरा, आत्याबाई. माझे हात गुंतलेत."

भागाबाई तांब्या धरून उभी राहिली. येसू पोरीला पाजी, मध्येच मान वळवून घोट घेई. गळ्यात गुटुगुटू आवाज आला, पोरीचाही आणि आईचाही. राणी सज्ज्यातून हे बघत होती. तिनं विचारलं, "ही कोण?" दासींनी सांगितलं. राणी म्हणाली, "लेकुरवाळीला कामाला बोलवायचं, तर लेकराला मज्जाव कसला? देवडीशी छपरी बांधा, आत रांजण ठेवा. राजाच्या कानात कापूस घाला." छपरी बांधली. राजाच्या कानात कापूस घातला. त्याला झोप लागली.

सोहळा झाला, येसू लेक कडेवर घेऊन घरी आली. गोठ्याच्या दाराशी पोचली नाही तोच कपिला हंबरली आणि पान्हवली. मग तांबू, मग सगळ्या. भागाबाईनं त्या दिवसापासून पहिला चीक वासराला पोटभर पाजला. उरला त्याचा खरवस केला. राजाच्या ताटात वडी लहान आली. राजानं तेवढीच खाल्ली.

वर्ष फिरलं. साळू पुन्हा बाळंत झाली. येसूनं उद्यापन मांडलं, साळूच्या वाटची भांडी घासली, धुणं धुतलं. थोरलीनं चूल धरली. भागाबाई खोलीत आली. तिच्या हातात पान नव्हतं, तांब्या होता. साळूनं बाळ छातीशी धरलं, ते सुटलं. परत धरलं, परत सुटलं. साळूचे डोळे भरले. ती सासूकडे बघायला लागली, आता विचारील म्हणून. भागाबाईनं तांब्या तिच्या हाताशी ठेवला. पाठीमागं उशी सरकवली. मग शेजारी बसली आणि भिंतीकडे बघत राहिली. पुष्कळ वेळ गेला. मग खोलीत गुटुगुटू आवाज आला. तरी भागाबाईनं मान वळवली नाही. नुसता तांब्या उचलून बघितला, रिकामा होता. ती उठली आणि भरून आणायला गेली.

जशी पान्हाई येसूला पावली, साळूला पावली, तशी तुम्हां आम्हांला पावो. कुणाच्या घरची बाळंतीण तहानेली न राहो, कुणाच्या घरचा उंबर दुधानं न भिजो. साठां उत्तरांची कहाणी पांचां उत्तरी भरून आली, ऐकणारीच्या पदरी सुफळ झाली. आता तांदूळ वाहा, आणि जिच्या मांडीवर लेकरू आहे तिला आधी पाणी द्या.