येसू गुरवीण आणि सावलीतलं गवत

विषय : मौजे कुडवळे येथील देवराईतले गवत.
संदर्भ : गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडचा. लेखी पुरावा उपलब्ध नाही.

उपरोक्त विषयी निवेदन असं, की फार जुन्या काळी कुडवळ्याच्या राईत देवीची पूजा येसू गुरवीण करायची. एका वर्षी गावाला भक्तीचं भरतं आलं. देवीचं अंगण लख्ख दिसावं म्हणून लोकांनी राईतला पाचोळा झाडून काढला, गवत मुळासकट उपटलं. इतकी स्वच्छता देवीलाही सोसली नाही. दोन पावसाळ्यांत माती वाहून गेली, झाडांची मुळं उघडी पडली आणि गावाला पाजणारा झरा करंगळीएवढा झाला. तो आटला की गाव उठणार, हे येसूला दिसत होतं.

ती गवत लावायला लागली. बांधावरचं गवत राईच्या सावलीत कुजून गेलं. मग ती ओढ्याकाठच्या गर्द झाडीत हिंडली. उन्हाचं तोंड न पाहता वाढलेलं, चवरीसारख्या तुऱ्यांचं गवत तिनं हेरलं आणि मुळांना त्यांचीच माती ठेवून आणलं. राईत लोखंड न्यायचं नाही, असा दंडक. तिनं बोटांनीच खड्डे केले.

गावचा मुख्य मानकरी, गावकर, हसला. "काय गो येसू, देवीला गोठ्यात बांधतेस की काय?"

"गुरं परवडली, दादा. ती वरचं खातात, मुळं ठेवतात."

दुसऱ्या दिवशी गावकर स्वतः ओढ्याकाठून गवताचा एक ठोंब घेऊन आला, असं म्हणतात. हा पहिला चमत्कार.

सात वर्षं ती लावत राहिली. तिची नखं झिजली, बोटं फुटली. जिथं रक्त सांडलं तिथले तुरे अजून तांबूस येतात, असं म्हणतात. आठव्या वर्षी समोरचा डोंगर खचला. राईचा उतार तसूभर हलला नाही. गवतानं एकमेकांचे हात धरले होते, असं म्हणतात. झरा मनगटाएवढा झाला, मग मांडीएवढा. त्या दिवशी येसू कळशी घेऊन गवतात शिरली. तुरे वाकत वाकत झऱ्यापर्यंत गेले. ती काही परतली नाही.

आजही भाताची लावणी आटोपली की घरटी एक ठोंब राईत लागतो, नुसत्या बोटांनी. पहिला गावकराच्या घरचा. तसा नियम नाही, पण चुकलेला नाही.

सरकारी दप्तरी ही जागा 'पडीक' आहे. ती 'येसूची राई' म्हणून लावावी, असा अर्ज गावानं केला. कार्यालयानं येसूचं संमतिपत्र मागितलं. बाई गवतात आहेत, असं गावानं लेखी कळवलं.

अर्ज प्रलंबित आहे.