देवदार कुणीकडे वळला

एक होता डोंगर. इतका उंच, की जाता-येता ढग त्याच्या खांद्यावर टेकायचे. पायांवर पांघरूण घ्या बरं आधी, तिथे थंडी फार होती. झालं? हं.

तर त्या डोंगरावर होतं देवदाराचं बन. बनाच्या खाली चारशे पायऱ्या, अन् पायऱ्यांच्या खाली मोठेमोठे बंगले. नाताळ आला की खालच्या मुलखातले बडे लोक तिथे हवा खायला यायचे. ट्रंका यायच्या, गाद्या यायच्या, डब्यांतून करंज्या-शंकरपाळे यायचे. आणि तिथली एक रीतच होती, बरं का. ज्यानं त्यानं वर बनात जायचं, आपल्या हातानं झाड तोडायचं, बंगल्यात आणून उभं करायचं, त्याला चांदण्या लावायच्या.

ऐकायला छानच. पण करायचं कुणी? करायची सलोमी.

सलोमी बंगल्यांची राखण करायची. वाकलेली होती, पण चिवट. पहाटे उठून सगळ्या चुली पेटवायची, आंघोळीचं पाणी तापवायची, बिछाने झटकायची. तिचा नवरा शांतवन. ते सगळं बन त्यानं लावलेलं. एकेका रोपाला खालच्या झऱ्यावरून घागरीनं पाणी नेऊन घातलं होतं त्यानं. पण सात वर्षांपूर्वी त्याचे पाय गेले. तेव्हापासून तो झोपडीत खिडकीपाशी पडून असायचा. खिडकीतून काय दिसायचं? समोरचा कातळ. बस्स.

दर नाताळाला तो विचारायचा, "सलोमे, ते आपलं पहिलं झाड कसं आहे गं?"

"चांगलं आहे की."

"तेवढं कुणाला देऊ नकोस हं."

"नाही देत," ती म्हणायची, आणि पुढचं काही बोलायच्या आत बसल्या बसल्या तिचा डोळा लागायचा.

त्या वर्षी काय झालं, पहिले आले शेटजी. सगळं कुटुंब घेऊन मोठ्या हौसेनं पायऱ्या चढायला लागले. पन्नास पायऱ्यांवर शेटाणीबाई बसल्या. शंभरावर मुलं बसली. शेटजी मात्र वर पोचले, कुऱ्हाड उचलली, एक घाव घातला. मग मनगट धरून म्हणाले, "सलोमीबाई, आमचा हात लागला ना, झालं. आता उरलेलं तुम्ही करा."

उरलेलं म्हणजे सगळंच की! सलोमीनं झाड तोडलं, खांद्यावर घेतलं, चारशे पायऱ्या उतरली. खाली सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेटजींसाठी हो.

मग आले कोतवालसाहेब. ते पायरी चढलेच नाहीत. खालूनच बोट दाखवलं, "ते आण." सलोमीनं ते आणलं. ते दारातून आत जाईना. "मग ते दुसरं आण." ती पुन्हा चढली. पुन्हा उतरली. दुसरं झाड एका अंगाला विरळ निघालं. मग तिसरं. तिसऱ्या वेळी उतरताना तिला पायऱ्या दिसतच नव्हत्या, पाय आपले सवयीनं पडत होते.

घरी आली तर शांतवन म्हणाला, "जरा पड गं."

"पडले तर उठवणार कोण?" ती म्हणाली, आणि पाण्याची घागर घेऊन परत बाहेर पडली.

आणि मग, नाताळाला तीन दिवस उरले असताना, आल्या खुद्द राणीसाहेब. पालखी, भालदार, सगळा सरंजाम. त्यांनी गच्चीवरून बनाकडे पाहिलं. "ते सगळ्यात उंच दिसतंय ना," त्या म्हणाल्या, "तेच हवं. दिवेलागणीच्या आत."

ते होतं शांतवनचं पहिलं झाड.

आता राणीसाहेबांना नाही कसं म्हणायचं? सलोमीला काही सुचेना. तिनं कुऱ्हाड उचलली आणि चालायला लागली. वर पोचली. झाडापाशी उभी राहिली. कुऱ्हाड डोक्यावर नेली, पण हात खाली येईनात. पुन्हा नेली. पुन्हा तेच. मग कुऱ्हाड आपोआप गळून पडली, आणि सलोमी बुंध्याला पाठ लावून मटकन खाली बसली.

तेवढ्यात वरून कुणीतरी बोललं. घाबरू नका, हळूच बोललं ते, फांदीतून वारं जावं तसं. झाड म्हणालं, "बाई, ज्यानं मला पाणी घातलं तो कुठे आहे?"

"घरी. त्याचे पाय गेलेत."

"आणि तू कशी आहेस?"

असं तिला किती वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. मग ती म्हणाली, "मी दमलेय रे." एवढंच म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांना जी धार लागली, ती थांबेना.

झाडानं तिचं रडणं होऊ दिलं. मग एक फांदी खाली आली, अगदी जमिनीपर्यंत. "बस," झाड म्हणालं.

सलोमीनं कुऱ्हाड उचलली आणि बसली. आणि मग काय सांगू! माती हलली, दगड सरकले, झाडानं आपली मुळं एकेक करून वर काढली, अन् निघालं की चालायला. एकेक पायरी चाचपत, सावकाश. फांदीवर सलोमी, मांडीवर कुऱ्हाड. आयुष्यभर ती त्या पायऱ्यांवरून ओझी घेऊन उतरली होती. आज पहिल्यांदा तिच्या खांद्यावर काही नव्हतं.

पायऱ्या संपल्या तिथे दोन वाटा फुटायच्या. उजवीकडे राणीचा बंगला, डावीकडे झोपडी. झाड थांबलं.

"कुणीकडे?"

"राणीसाहेबांकडे न्यायला सांगितलंय."

"ते कळलं. तुला कुठे जायचंय?"

सलोमीनं उजवीकडे पाहिलं. गच्चीत भालदार उभे होते. पण ती म्हणाली, "घरी. मला घरी जायचंय."

आणि झाड डावीकडे वळलं.

खिडकीपाशी जाऊन ते कातळाच्या पुढ्यात उभं राहिलं, मुळं मातीत घातली, आणि एक फांदी खिडकीतून आत सारली. शांतवननं ती दोन्ही हातांनी धरली. पानं नाकाशी नेली. मग म्हणाला, "केवढं वाढलंस रे!"

तोवर राणीसाहेबांना खबर गेली होतीच. त्या तरातरा आल्या. "सलोमी! माझं झाड इथे कसं?"

सलोमी दाराशी उभी राहिली. कुऱ्हाड पुढे धरली. "मी आणलं इकडे, राणीसाहेब. हे यांच्या हातचं आहे. आणि आज माझ्यानं पुढचं काही व्हायचं नाही. वर बनात झाडं आहेत. ही कुऱ्हाड."

राणीसाहेबांनी सलोमीकडे पाहिलं. मग तिच्या हातांकडे. तळव्यांना भेगा, भेगांत झाडाची राळ काळी होऊन बसलेली. पदर खोचला, कुऱ्हाड घेतली आणि एकट्या पायऱ्या चढायला लागल्या. भालदार मागे निघाले, तर हातानंच थांबवलं त्यांना.

दिवेलागणीला त्या परत आल्या. तोंड लालबुंद, केस सुटलेले, तळहाताला फोड. आणि झाड केवढं? त्यांच्या कमरेएवढं. झोपडीच्या उंबऱ्यावर बसल्या, पाणी मागितलं. नंतर हळूच विचारलं, "हे तू रोज करतेस?"

"नाताळात, हो. कधी तीन-तीनदा."

राणीसाहेबांनी भांडं खाली ठेवलं. "उद्यापासून नाही," त्या म्हणाल्या. "ज्याला झाड हवं त्यानं आपलं तोडावं, आपलं वाहावं. पाणीही आपलं तापवावं. माझ्यासकट."

शेटजींनी मग एक डहाळी आणली आणि तेवढ्यावर भागवलं. कोतवालसाहेबांना तर चांदण्या खुंटीवरच टांगलेल्या बऱ्या वाटल्या. बन मात्र दाट होत गेलं.

आणि सलोमी? सलोमी झोपली, चांगली तीन दिवस. बाहेर कुणाच्या चुली धुरकटल्या, कुणाचं दूध उतू गेलं, राणीसाहेबांनी तर म्हणे आंघोळीचं पाणी करपवलं! तिला कसलाच पत्ता नाही. नाताळाच्या दिवशी ऊन अंगणभर झाल्यावर तिला जाग आली. शांतवनला तिनं हळूहळू धरून उंबऱ्यात आणलं. मग दोघं देवदाराच्या सावलीत बसली, हातात हात घेऊन, काही म्हणजे काहीही काम न करता.

आणि पुढेही ती दोघं सुखात राहिली. त्यांना मिळाली तशी झोप तुम्हाला मिळो. मिटा बघू डोळे. माझेही मिटायला लागलेत.