पेन, पॅन आणि घरतबाई

अलिबागजवळच्या एका शाळेत शिक्षकांचं प्रशिक्षण चाललं होतं. शहरातून आलेले नाबर सर इंग्रजीतले आखूड स्वर शिकवत होते. ते एक शब्द म्हणायचे आणि समोरच्यानं त्यातला स्वर ओळखायचा. इंग्रजीत लिहिलेल्या हजेरीवरून त्यांनी नाव पुकारलं, "मिसेस घरात."

प्रमिला घरत उभ्या राहिल्या. सरांनी पेन म्हटलं की पॅन, हे त्यांना काही केल्या उमगेना. पेनला त्या पॅन म्हणाल्या आणि पॅनला पेन. मागे खसखस पिकली. बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या, मान वर करवेना. इतकी वर्षं पोरांना आपण काय शिकवलं, असं त्यांच्या मनात आलं.

"घरात मॅडम," सर म्हणाले, "एवढासा स्वर ज्यांना कळत नाही, त्यांनी घरी बसावं. मी तसाच शेरा देणार आहे."

बाईंनी मान वर केली. "सर, माझा कान कच्चा आहे, हे मान्य. पण माझं आडनाव घरत. त्यातला आखूड 'र' लांबवून तुम्ही मला सकाळपासूनच घरात बसवलंय. मग शेरा कशाला?"

सगळे हसले. सरांनी हजेरीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. शेरा काही त्यांनी लिहिला नाही.

चहाच्या सुट्टीत बाई आपणहून त्यांच्याकडे गेल्या. लाज अजून पुरती गेली नव्हती. "सर, पेन आणि पॅन पुन्हा म्हणाल? जरा सावकाश."

"म्हणतो," सर ओशाळून म्हणाले. "आधी तुमचं नाव नीट म्हणू द्या."